कढीपत्त्याला पाजलेलं ताक

डिसेंबरच्या थंडीत, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये, बंद खिडकीआड ठेवलेल्या दुसऱ्याच्या कढीपत्त्याला मी दर दोन दिवसांनी वाटीभर आंबट ताक पाजलं. कुणी सांगितलं नव्हतं. उलट, असलं काही करू नकोस, असंच सांगितलं होतं.

ज्यांचं झाड होतं त्या मावशी आमच्यापासून तीन राउंडअबाउट पलीकडे राहतात. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत. पण इथल्या आपल्या लोकांत, पहिल्या हिवाळ्यात ज्यांनी तुम्हाला गरम जेवण आणि जाड पांघरूण दिलं, त्या आपोआप मावशी होतात. मूळच्या नागपूरच्या, इथे सगळं आयुष्य नर्स म्हणून काढलं, आता रिटायर. कढीपत्ता त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, बीपासून वाढवलेला. काका तीन वर्षांपूर्वी गेले. झाड तेव्हाही होतं, अजून आहे. चौदा वर्षांचं, माझ्या खांद्याला लागेल एवढं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही सगळे कम्युनिटी हॉल घेऊन जमतो. खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे आणि गोळ्यांची कढी करायचं काम मावशींकडे. त्या कढीच्या फोडणीत पाकिटातला कढीपत्ता आजवर एकदाही पडलेला नाही. हे मावशी दरवर्षी कढी वाढताना सांगतात, आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांना बहिणीच्या आजारपणासाठी नागपूरला जावं लागलं, ते थेट मार्चअखेरपर्यंत. झाड कुणाकडे ठेवायचं, यावर आमच्या बुद्धविहारातल्या लोकांत बरीच चर्चा झाली. मी हात वर केला. का केला ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या घरात आजवर मनीप्लांटसुद्धा टिकलेला नव्हता.

कुंडी गाडीत आडवी घालताना माझं डोकं डिकीत होतं आणि मावशी मागे उभ्या राहून सूचना देत होत्या. "थंडीत ते झोपते. आठवड्याला अर्धा कप पाणी. बाकी लाड नको करू." पुढेही त्या काहीतरी बोलल्या, पण तेव्हा एक फांदी माझ्या कानात गेली होती. मी आतूनच "हो हो" म्हटलं.

"तुला काही न करणं जमते ना?" त्यांनी विचारलं.

"जमतं की," मी म्हटलं.

मी पुण्याचा. आमच्याकडे सूचना द्यायची रीत आहे, घ्यायची नाही.

झाड आमच्या बॉक्सरूममध्ये आलं. बॉक्सरूम म्हणजे इथल्या घरातली ती खोली, जिला खोली म्हणायला घर विकणाराच लागतो. तिथेच माझं ऑफिसही आहे. कौतुकानं मी झाडाचा एक फोटो काढून मावशींना पाठवला. डिसेंबर लागला आणि चार पानं पिवळी पडली. झालं. मला माझ्या आईची पुण्यातली गॅलरी आठवली. तिथला कढीपत्ता आंबट ताकावर पोसलेला होता आणि त्याची पानं बोटाएवढी मोठी असायची. त्या गॅलरीत वर्षाचे दहा महिने ऊन असायचं, एवढा एक तपशील मी विसरलो. मिल्टन कीन्समध्ये डिसेंबरात सूर्य ऑफिसला आल्यासारखा उशिरा येतो आणि चहाच्या वेळेला निघून जातो. कुंडीतली माती सुकायचा प्रश्नच नव्हता. मी तिच्यावर ताक घालत राहिलो. एक दिवस तांदळाचं धुवणही घातलं, बदल म्हणून.

तीन आठवड्यांनी माझ्या चहात पहिलं चिलट सापडलं.

दुसऱ्या दिवशी चार, मग मोजणं सोडून दिलं. बारीक, काळी, आळशी उडणारी. तोंडासमोर यायची आणि विचार करत थांबायची. एका व्हिडिओ मीटिंगमध्ये मी त्यातली दोन मारली. माझी मॅनेजर बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "एव्हरीथिंग ओके? तू टाळ्या कशाला वाजवतोयस?"

"प्रेझेंटेशन आवडलं," मी म्हटलं.

ज्या बिचाऱ्यानं ते प्रेझेंटेशन केलं होतं, तो तेव्हापासून मला फार मान देतो.

बायकोनं कुंडीत वाकून वास घेतला आणि सावकाश सरळ उभी राहिली. तिच्या सरळ उभं राहण्यातच निम्मा निकाल असतो. "तू ह्यात ताक घातलंस?"

"आई घालायची."

"ताक कढीत घालतात, कुंडीत नाही. मावशींना कळवलंस?"

"झाड बरं झालं की कळवतो."

झाड बरं करण्यासाठी मी पुण्यातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ही माझी पुढची चूक. तिथून हळद आली. कुंडीतली माती लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवरदेवासारखी पिवळी झाली आणि चिलटं त्या समारंभाला आल्यासारखी आणखी जमली. मग कडुलिंबाचं तेल आलं. पाण्यात थेंब थेंब मिसळायचं असतं म्हणे. मी औषध आणि फोडणी यांत फारसा फरक न करता पळी उचलली.

तेवढ्यात बायको कात्री आणि फ्रीझरची पिशवी घेऊन आली, आणि जी पानं अजून हिरवी होती ती तिनं भराभर कापून घेतली.

"हे काय करतेस?"

"झाडाचं तू बघ," ती म्हणाली. "पानांचं मी बघते."

राहिलेली पानं चार दिवसांत गळाली. घराला असा वास यायला लागला की पूर्वी पार्सल देऊन हवापाण्याचं बोलणारा पोस्टमन आता फाटकावरूनच हात करायला लागला. आणि खोलीच्या मधोमध काकांचं झाड म्हणजे नुसत्या काटक्या. तोपर्यंत मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. त्या संध्याकाळी काटक्यांकडे बघताना वाटलं नाही. मावशी एकट्या परत येणार, घर उघडणार, आणि पहिल्यांदा झाड आणायला माझ्याकडे येणार. त्यांना मी काय देणार? हळद लावलेली कुंडी?

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. शोधून वाचायला लागलो. कुंडीतल्या चिलटांबद्दल जगात ज्यांना खरोखर काही कळतं, ती सगळी माणसं एका ऑनलाइन फोरमवर भेटली. ती घरात गांजा लावणारी निघाली. इथे तो लावणं गुन्हा आहे, त्यामुळे कोण कुठून लिहितंय हे कुणी सांगत नव्हतं. पण चिलटांचं दुःख मात्र सगळे मोकळेपणानं सांगत होते. एकानं रोपं आल्याच्या आनंदात रोज पाणी घालून अख्खी खेप कुजवली होती. एकानं चिलटं मारायला दालचिनीची पूड टाकली होती. एकानं स्वस्तातली माती आणली आणि तिच्यातूनच हजारो चिलटं घरी आणली. मी एकामागून एक वाचत गेलो आणि मला आप्तेष्ट भेटल्यासारखं झालं. एवढ्या गाढवांत मी एकटा नव्हतो.

मीही धीर करून लिहिलं. झाड घरातलं आहे, चौदा वर्षांचं आहे, चिलटं झाली, सगळी पानं गेली, काय करू.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "चौदा वर्षं? मित्रा, आमचं चौदा आठवडे टिकत नाही."

दुसऱ्यानं विचारलं, "कोणती जात?"

मी लिहिलं, "नागपूरची."

"नाव ऐकलंय," तो म्हणाला. "फार स्ट्राँग असते म्हणतात."

मग मला खुलासा करावा लागला की हा कढीपत्ता आहे, कढीत घालायचा. लोक निघून गेले असणार असं धरून मी चालत होतो, तर त्या पहिल्यानंच लिहिलं, "मुळं ती मुळंच. कुंडी आडवी कर आणि बघ. आणि देवाशप्पथ, पाणी बंद कर."

शनिवारी मी कुंडी बाथटबमध्ये आडवी केली. माती निघाली ती खरवसासारखी वड्या वड्यांनी निघाली. निम्मी मुळं काळी, बोटानं दाबली की सालं सुटायची. निम्मी मात्र पांढरी होती. कुजलेली कापून टाकली. हे चाललं असताना कुंडीच्या कडेला एक पट्टी हाताला लागली. ती तिथे पहिल्यापासून उभीच होती, मला वाटलं होतं झाडाला टेकू असेल. आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची कापलेली पट्टी, वर ताकाचा आणि बुरशीचा थर. नळाखाली धुतली, तर काळ्या मार्करनं लिहिलेले दोन शब्द दिसले. "पाणी कमी."

काकांचंच अक्षर असणार. मी टबच्या काठावर पट्टी हातात घेऊन बसून राहिलो. पाट्या म्हणजे आमच्या गावाचा प्रांत. आणि एका नागपूरकरानं दोन शब्दांत जे लिहून ठेवलं होतं, त्याच्यावर मी महिनाभर ताक ओतत होतो.

फोरमवरच्या लोकांनी ज्या तऱ्हेच्या दुकानात जायला सांगितलं होतं, तसलं एक दुकान इंडस्ट्रियल इस्टेटच्या शेवटच्या टोकाला होतं. बाहेर पाटी नाही, आत घरात झाडं वाढवायचे दिवे, पंखे, पाइप, आणि काउंटरमागे दाढीवाला एक शांत माणूस.

"काय लावलंयस?"

"कढीपत्ता."

"अर्थात," तो म्हणाला. "सकाळी एक जण टोमॅटोसाठी आला होता. काल एक बेझिलसाठी. मी विचारत नाही."

"आत्ताच विचारलंस."

"सवय आहे रे. उत्तर ऐकत नाही."

मी फोनमधला काटक्यांचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. चिकट पिवळी कार्डं, वर पसरायला जाड वाळू, नवी हलकी माती, आणि एक दिवा एवढं त्यानं काढून ठेवलं. शेवटी फ्रिजमधून एक छोटं पाकीट आणलं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवंत किडे असतात. ते पाण्यात कालवून एकदाच मातीत सोडायचे, म्हणजे ते चिलटांच्या अळ्या खातात. "आणि मग काहीही करायचं नाही," तो म्हणाला. "हात बांधायची दोरी आम्ही ठेवत नाही, नाहीतर तुला तीच दिली असती."

पाकीट थंडच ठेवायचं होतं, म्हणून मी ते आमच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी ठेवलं.

"फ्रिजमध्ये किडे?" बायको म्हणाली.

"ते दिसत नाहीत."

"मग आहेत कशावरून?"

"विश्वास ठेवायचा."

"कुणावर? त्या गांजावाल्यांवर?"

"त्यांच्याइतकं नीट मला कुणी समजावून सांगितलेलं नाही."

"मावशींनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "अर्धा कप."

दिवा जांभळा होता, हे दुकानात लक्षात आलं नव्हतं. बॉक्सरूमची खिडकी रस्त्याच्या बाजूला. दुपारी चारला अंधार पडला की आमचं घर दुरून नाटकमंडळीचा तंबू वाटायचं. आठवडा गेला आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ दारात आले. आठ वर्षांत आम्ही कचऱ्याच्या डब्यांपलीकडे काही बोललो नव्हतो.

"मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "ज्याचं त्याचं घर."

"थँक यू," मी म्हटलं.

"फक्त, माझा गुडघा." त्यांनी मागे-पुढे पाहिलं. "उरलं तर थोडंसं."

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. जांभळ्या प्रकाशात एक कुंडी, तिच्यात पानं नसलेल्या काटक्या, आणि काटक्यांभोवती चिलटं चिकटलेली पिवळी कार्डं. त्यांनी वाकून एका काटकीला बोट लावलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हलकेच म्हणाले, "आय ॲम सो सॉरी."

त्याच सुमाराला मावशींचा मेसेज आला. झाडाचा फोटो पाठव. मी पुन्हा तो नोव्हेंबरातलाच फोटो पाठवला, पहिल्या दिवशीचा, जरा कडा कापून. हिरवंगार झाड. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं, आणि लगेच फार वाईटही वाटलं.

पुढचे दोन महिने मी काही केलं नाही. हे वाचायला सोपं वाटतं. सकाळी कॉफी घेऊन काटक्यांसमोर बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. बायकोनं झारी कुठेतरी लपवून ठेवली होती. आठवड्याला अर्धा कप पाणी तीच मोजून द्यायची, दवाखान्यातल्यासारखं. कार्डांवर चिकटणारी चिलटं कमी होत गेली. एक दिवस मीटिंगमध्ये टाळ्या न वाजवता तासभर गेला, तर त्या प्रेझेंटेशनवाल्यानं नंतर काळजीनं विचारलं, आज आवडलं नाही का.

खरं सांगायचं तर मला त्या खोलीत बरं वाटायला लागलं होतं. मी मीटिंगांच्या मधे मधे उठून काटकीवर नख लावून बघायचो, साल खरवडली की आत हिरवं आहे ना. असायचं. मग मी पुन्हा खुर्चीत बसायचो आणि दिवस चांगला जायचा. फोरमवर मी रोज खबर देत होतो. "आज काही नाही." खाली तीन-चार अनोळखी माणसं लिहायची, "धीर धर." मार्चच्या मध्यावर एका पेराशी मोहरीएवढा लाल-हिरवा ठिपका दिसला. मी बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि मला म्हणाली, "हात लावू नकोस." मी लावला नाही. आठवड्याभरात नऊ ठिकाणी कोंब फुटले. फोटो टाकला तर फोरमवर लोकांनी इतकं अभिनंदन केलं की मला माझ्या लग्नाची आठवण झाली. एकानं विचारलं, कढीची रेसिपी मिळेल का.

मावशी नागपूरहून परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या घरी आल्या. प्रवासानं थकलेल्या होत्या, पण चहाही घेतला नाही, सरळ वर. मी मागून जाताना मनात भाषण जुळवत होतो. "मावशी, त्याचं असं झालं," इथपर्यंत ते तयार होतं.

त्यांनी कोंब मोजले. कुंडीतली वाळू बाजूला करून दोन पेरं बोट मुळांशी उरलेल्या जुन्या मातीत घातलं, बाहेर काढून नाकाशी धरलं.

"ताक?"

"हो."

"अजून काय?"

"हळद. तांदळाचं धुवण. कडुलिंबाचं तेल."

त्या प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, जुन्या पेशंटची केस ऐकावी तशा.

"मी सांगणारच होतो," मी म्हटलं.

"मला जानेवारीतच कळलं. तू फोटो पाठवला ना."

"त्यात तर झाड चांगलं होतं."

"तेच तर. आठवड्याला अर्धा कप पाणी, पानं गळतील तर गळू दे, दर जानेवारीत ते उघडं होते, हे मी तुला डिकीपाशी सांगितलं. तू हो हो म्हणाला. आणि फोटोत हिरवंगार, मागं खिडकीत आकाशकंदील. मी बहिणीला तेव्हाच म्हटलं, गेलं झाड."

म्हणजे ती पहिली चार पिवळी पानं हा आजारच नव्हता. मी एका झोपलेल्या, धडधाकट झाडावर दीड महिना उपचार केले होते.

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"बोलून काय होणार होतं? तू अजून काही घातलं असतं त्याच्यात."

बायकोनं फ्रीझरमधली पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. झाडाचीच पानं, डिसेंबरात कापलेली. मावशींनी पिशवी दिव्याकडे धरून पाहिली आणि बायकोच्या गालाला हात लावला. "कढीपुरती आहेत," त्या म्हणाल्या. "कोंबांना ह्या वर्षी कोणी हात लावायचा नाही." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीत तीन माणसं एकदम मोकळी हसली. तेवढ्या जागेत ते जरा जास्तच झालं.

मला आता धीर आला. मी ती पट्टी धुऊन पुसून पुन्हा कुंडीच्या कडेला, समोरून दिसेल अशी लावली होती. ती दाखवत म्हटलं, "काकांची पाटीही जपून ठेवली, मावशी. त्यांच्या हातची आहे म्हणून."

मावशींनी चष्मा वर केला. "ही माझ्या हातची आहे. ह्यांच्यासाठी लिहिली होती. बीपासून तीन लावली होती ह्यांनी. पहिलं ताक घालून मारलं, दुसरं चहाचं पाणी घालून. हे तिसरं. तेव्हा मी ही खोवली कुंडीत."

माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. इतके महिने ज्या माणसासमोर मी मनातल्या मनात मान खाली घालून बसत होतो, तो तर आमच्यातलाच निघाला.

"म्हणजे काकाही माझ्यासारखेच होते," मी म्हटलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "त्यांना वाचता येत होतं."